घरचें यंत्र : मोटारींतला गारवा कोठें जातो?

चैत्र सरून वैशाखाचें ऊन तापूं लागलें, कीं मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक घरांत एक वाक्य हटकून ऐकूं येतें : "एसी गार करीत नाहीं, गॅस संपला असेल." घरांतील थोरल्यापासून धाकट्यापर्यंत कोणासहि या निदानाविषयीं शंका येत नाहीं. गाडी गॅरेजांत जाते, तेथील कारागीर मान डोलावतो, कांहीं हजार रुपये खर्चीं पडतात, चार महिने गारवा टिकतो, आणि पुढच्या वैशाखांत तेंच वाक्य पुन्हां उच्चारलें जातें. मोटारीविषयीं आपल्या घरांतून जे गैरसमज रूढ आहेत, त्यांत हा आम्हांस सर्वांत खर्चाचा वाटतो. सबब या महिन्यांत त्याचाच समाचार घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गॅस संपत नाहीं. पेट्रोल जळतें म्हणून संपतें. एसीतील गॅस जळत नाहीं. बंद नळ्यांच्या मालिकेंत तोच तो आयुष्यभर फिरत राहतो. रबरी नळ्यांतून आणि सांध्यांतून अत्यल्प अंश वर्षानुवर्षें झिरपतो, हें खरें. परंतु निकोप गाडींत ही घट इतकी मंद असते कीं कित्येक वर्षें तिची जाणीवहि होत नाहीं. दरवर्षीं गॅस 'संपत' असेल, तर तो कोठून तरी गळत आहे, एवढाच त्याचा अर्थ. घागर गळते कीं काय हें न पाहतां तींत रोज सकाळीं पाणी ओतणाऱ्या माणसाला घरांतील वडीलधारीं काय म्हणतील, हें सांगावयास नको. तेंच काम गॅरेजवाला करतो, तेव्हां मात्र आपण त्याला पैसे मोजून देतों.

यंत्राची रचना थोडक्यांत समजून घेतली, तर पुढील विवेचन सोपें जाईल. माठाच्या अंगांतून झिरपलेलें पाणी वाळतें, आणि वाळतांना माठाची उष्णता घेऊन जातें. म्हणून आंतलें पाणी गार राहतें. मोटारींतहि हाच न्याय आहे. फरक इतकाच, कीं पाण्याच्या जागीं येथें असा एक पदार्थ योजिलेला असतो, जो मोकळ्या हवेच्या दाबाखालीं शून्याखालीं २६ अंशांवरच उकळूं लागतो. डॅशबोर्डामागील जाळीदार कॉइलमध्यें तो द्रवाचा वायु होतो व तेथून जाणाऱ्या वाऱ्याची उष्णता शोषून घेतो. मग इंजिनावरील कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवितो. रेडिएटरच्या पुढें बसविलेल्या कंडेन्सरमध्यें बाहेरची हवा त्याची उष्णता हिरावून घेते. तो पुन्हां द्रव होतो आणि एका अरुंद तोंडांतून परत कॉइलकडे जातो. तात्पर्य, गारवा निर्माण होत नाहीं; आंतली उष्णता उचलून बाहेर टाकली जाते. उचलणारा अडखळला तरी गाडी तापेल, आणि टाकणारा अडखळला तरीहि तापेल. रोग कोणत्या बाजूचा आहे, हें ठरविणें म्हणजेच निदान.

ही युक्ति अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें आपल्या १९४० सालच्या मोटारींत प्रथम कारखान्यांतूनच बसवून दिली. तिचा संसार गाडीच्या सामानाच्या पेटींत थाटलेला असे, आणि ती बंद ठेवावयाची झाल्यास इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टा हातानें काढावा लागे. आपण आज एका बोटानें बटण दाबतों व गारवा दोन मिनिटें उशिरां आला तरी कुरकुर करतों!

आतां निदानाकडे वळूं. निदानाचें पहिलें साधन गॅरेजांत नसून घरांत आहे. तें म्हणजे गाडींत बसणाऱ्यांची साक्ष. आणि येथें आमचा एक आग्रह आहे. गाडी हांकणाऱ्याची साक्ष सर्वांत शेवटीं घ्यावी. त्याच्या तोंडावर दोन झरोके रोखलेले असतात. यंत्र निम्म्या बळानें चाललें तरी त्याला गारच वाटतें. खरी परीक्षा मागच्या बाकावर होते, आणि तेथें बहुधा घरांतील वृद्ध माणसें, स्त्रिया व मुलें बसलेलीं असतात, ज्यांच्या म्हणण्याकडे यंत्राच्या बाबतींत लक्ष देण्याची आपल्याकडे फारशी चाल नाहीं.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. तीन उन्हाळे त्यांनीं एकाच गॅरेजांत गॅस भरून घेतला. तिसऱ्या वर्षीं मे महिन्यांत ते सहकुटुंब अकोल्याहून पुण्यास निघाले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्यांच्या मातुःश्री मागें बसल्या होत्या. "अरे, मागें वाफ येते आहे," असें त्या मेहकरपासून सांगत होत्या, आणि पुढून उत्तर येत होतें, "आई, एसी चालू आहे, तुला उगीच वाटतें." सूनबाईंनीं एकदोनदां मध्यें बोलून पाहिलें, तेव्हां त्यांनाहि तेंच उत्तर मिळालें. जालन्याच्या अलीकडे मातुःश्रींना घेरी आली. सुदैवानें वेळीच पाणी, सावली आणि डॉक्टर मिळाले. प्रसंग तेवढ्यावर निभावला. उतारवयांत तहानेची जाणीव मंद होते व घाम येण्याची शक्तीहि उणावते. रक्तदाबाच्या कांहीं औषधांनीं अंगांतलें पाणी अधिकच घटतें. मागच्या बाकावरील उकाडा हा वृद्धांच्या बाबतींत सुखसोयीचा प्रश्न नसून प्रकृतीचा प्रश्न आहे. पुण्यास दुसऱ्या एका कारागिरानें बॉनेट उघडून फडक्यानें नळ्या पुसल्या, तों एका सांध्याशीं तेलकट धुळीचा काळा थर आढळला. आंतील रबरी कडें झिजलें होतें. कडें अगदीं स्वस्तांतलें. परंतु तीन वर्षें अपुऱ्या गॅसवर चालल्यामुळें कॉम्प्रेसर खरखरूं लागला होता. कारण त्याला लागणारें तेल गॅसबरोबरच फिरतें. गॅस उणा झाला कीं तेलहि नीट परत येत नाहीं. कॉम्प्रेसर बदलावा लागला, आणि त्याचें बिल पाहून गृहस्थांना घेरी येण्याची पाळी आली.

तेव्हां गाडी गॅरेजांत नेण्यापूर्वीं घरीं पाटीवर किंवा वहींत चार ओळी लिहाव्या. पहिला प्रश्न असा : वारा कमी येतो, कीं वारा भरपूर येतो पण गार नसतो? हे दोन सर्वस्वीं निरनिराळे रोग आहेत, आणि निम्मे चुकीचे उपचार या दोहोंचा घोटाळा केल्यामुळें होतात.

वाराच कमी येत असेल तर गॅसचा संबंध बहुधा दूरचा. प्रथम केबिन फिल्टर पाहावा. पुष्कळ गाड्यांत तो पुढच्या प्रवाशाच्या गुडघ्यांसमोरील कप्प्याच्या मागें असतो. कप्पा दाबून खालीं सोडला, कीं लहानसें झांकण दिसतें. त्याच्या आंत कागदाची घडीदार गाळणी. हें काम घरांतील कोणासहि दहा मिनिटांत जमण्यासारखें आहे. आपल्याकडील धुळींत वर्षभर राहिलेली गाळणी बाहेर आली म्हणजे वाळकीं पानें, केस आणि राखेच्या रंगाचा गालिचा यांचें जें दर्शन घडतें, तें एकदां घेतलेल्या गृहिणीला पुन्हां आठवण करावी लागत नाहीं. गाळणी बदलण्यास खर्च थोडा, आणि गुण तत्काळ. (ही गाळणी झटकून, धुवून पुनःपुन्हां वापरण्याची काटकसर आम्हांस मान्य नाहीं, धुतलेल्या कागदांतून धूळ सरळ कॉइलवर जाते, व ती साफ करण्यास डॅशबोर्ड खोलावा लागतो.)

पंखा फक्त सर्वांत वरच्या वेगावर फिरतो आणि खालच्या वेगांवर मुकाट बसतो, अशी तक्रार असल्यास ब्लोअर बिघडलेला नसतो. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळलेला असतो. हा लहान भाग आहे. अख्खा ब्लोअर बदलण्याचा सल्ला मिळाल्यास कारण विचारावें.

तिसरा प्रकार मोठा फसवा. प्रवासाच्या आरंभीं उत्तम गारवा, तासाभरानें वारा हळूहळू रोडावतो, आवाज मात्र तितकाच. चहासाठीं पाऊण तास थांबून निघालें कीं पुन्हां सर्व ठीक. येथें कॉइलवर बर्फ गोठलेला असतो. तो वाट अडवितो व थांबल्यावर वितळतो. गॅरेजांत पोंचेपर्यंत रोगी ठणठणीत झालेला असल्यामुळें कारागीराला कांहींच सांपडत नाहीं. म्हणून हें वर्णन त्याला शब्दशः सांगितलें पाहिजे. तुंबलेली गाळणी, कॉइलचें तापमान मोजणारा बिघडलेला सेन्सर, किंवा गॅसची घट, हीं याचीं नेहमींचीं कारणें. वाटेंत उपाय इतकाच, कीं एसीचें बटण बंद करून नुसता पंखा दहा-पंधरा मिनिटें चालू ठेवावा.

आतां वारा भरपूर, पण गार नाहीं, हा पक्ष. येथें दुसरा प्रश्न विचारावा : गाडी धांवत असतां गार, आणि चौकांत उभी राहिली कीं कोमट, असें होतें काय? उभ्या गाडींत इंजिन संथ फिरतें, तेव्हां थोडाफार फरक पडावयाचाच. परंतु फरक ठळक असेल तर संशय कंडेन्सरवर व त्याच्या पंख्यावर घ्यावा. धांवत्या गाडींत समोरचा वारा आपोआप उष्णता नेतो. उभ्या गाडींत तें काम पंख्याचें. गाडी उभी करून, एसी चालू ठेवून, बॉनेट उघडून दुरूनच पाहावें, पंखा फिरतो कीं नाहीं. येथें पदर, ओढणी, उपरणें आणि मुलांचे हात यांना मज्जाव. पंखा फिरत असेल, तर कंडेन्सरची जाळी चिखलानें व किड्यांनीं लिंपलेली आहे काय तें पाहावें. हळुवार पाण्यानें ती धुवून घेतल्यावर नवा गॅस भरल्याइतका फरक पडलेला आम्हीं पाहिला आहे. मात्र जोराचा फवारा तिचीं पातळ पत्र्याचीं पानें वांकवून टाकतो.

एका बाजूच्या झरोक्यांतून गार आणि दुसऱ्या बाजूनें गरम वारा येत असेल, किंवा डॅशबोर्डामागें घड्याळासारखी टकटक ऐकूं येत असेल, तर दोष प्रायः गार व गरम वाऱ्याचें मिश्रण करणाऱ्या पडद्यांत अथवा तो हालविणाऱ्या लहानशा मोटरमध्यें असतो. हा पडदा अर्धवट उघडा राहिला, तर एसी आपलें काम चोख करीत असतां हीटर त्यांत पाणी पाडीत असतो. पारख सोपी आहे. एसी दहा मिनिटें चालवून इंजिन बंद करावें व कॉम्प्रेसरकडे परतणारी जाड नळी जपून चांचपावी; नळी थंडगार आणि झरोक्यांतला वारा मात्र कोमट होता, असें आढळल्यास गॅसला दोष देणें अन्यायाचें होईल.

एसी सुरू करतांच पुष्कळ गाड्यांत 'टक्' असा आवाज होऊन इंजिनाची लय क्षणभर बदलते. तो कॉम्प्रेसरचा क्लच. आवाज येतच नसेल, तर फ्यूज, तार, क्लच, किंवा गॅस फारच घटल्यामुळें यंत्रानें स्वतःस बंद करून घेणें, यांपैकीं कांहीं तरी आहे. कित्येक नव्या गाड्यांत क्लचच नसतो. तेथें आवाज नाहीं म्हणून घाबरूं नये. स्वयंपाकघरांतील थर्मामीटर मधल्या झरोक्यांत खोंवून ठेवणें ही आणखी एक निरुपद्रवी परीक्षा. कांचा लावून, आंतलीच हवा फिरविण्याचें बटण दाबून दहा मिनिटें गाडी चालविल्यावर पारा ८-१० अंशांच्या आसपास उतरला तर यंत्र निकोप समजावें. रणरणत्या दुपारीं थोडी सूट द्यावी. तो १८ अंशांखालीं येतच नसेल, तर मात्र तपासणी हवी.

एवढें पाहूनहि संशय गॅसवरच आला, तर गॅरेजांत काय मागावें? कारागीर दाबाचीं घड्याळें जोडतो आणि "दाब कमी आहे" असें सांगतो. येथें एक मर्म ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. इंजिन बंद असतांना नळ्यांतील दाब हा गॅस किती आहे यावर नव्हे, तर हवा किती तापली आहे यावर ठरतो. ३० अंशांच्या हवेंत नेहमींच्या १३४-ए गॅसचा दाब दर चौरस इंचास सुमारें ९७ पौंड भरेल. नळ्यांत गॅस पूर्ण असो कीं निम्मा, द्रवाचा थोडा जरी अंश शिल्लक आहे तोंवर कांटा तेथेंच राहील. इंजिन चालू असतांनाचे दाब अधिक बोलके. पण तेहि ऊन, पंखा, फिल्टर यांच्या स्थितीप्रमाणें बदलतात. गॅस खरोखर किती आहे हें कळण्याचा मार्ग एकच : तो यंत्रानें बाहेर काढून तोलणें. बॉनेटखालीं चिकटविलेल्या चिठ्ठीवर गॅसचें नांव व ग्रॅममध्यें वजन छापलेलें असतें. लहान गाडीला बहुधा अर्ध्या किलोच्या आंतच लागतो. 'अंदाजानें थोडा टॉप-अप' ही भाषा ऐकूं आली, कीं दुसरें गॅरेज शोधावें. अधिक भरलेला गॅसहि गारवा घटवितो व कॉम्प्रेसरवर ताण आणतो.

गळती शोधण्याचे मार्ग कारागिरास ठाऊक असतात : नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावणें, किंवा रंगद्रव्य घालून निळ्या-जांभळ्या दिव्याखालीं पाहणें. त्यानें ते वापरावे, एवढा आग्रह आपण धरावा. दुरुस्तीनंतर नळ्यांतील हवा व ओल पंपानें शोषून निर्वात स्थिति कांहीं काळ टिकते कीं नाहीं हें पाहावें, आणि मगच तोलून गॅस भरावा. यास तास-दीड तास लागतो. वीस मिनिटांत गाडी परत मिळाली, तर यांतलें बरेंचसें झालेलें नाहीं, असें खुशाल समजावें.

गॅस हवेंत सोडून देणें हा केवळ पैशाचा अपव्यय नव्हे. जुना १२ क्रमांकाचा गॅस ओझोनचें कवच झिजवितो, म्हणून १९८७ सालच्या माँट्रियल करारानंतर तो मागें पडला आणि १९९० नंतरच्या दशकांत १३४-ए आला. हा ओझोनला धक्का लावीत नाहीं. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबानें पृथ्वीस तापविण्याची त्याची शक्ति कार्बन डाय-ऑक्साइडच्या तेराशें ते पंधराशें पट आहे. कांहीं नव्या गाड्यांत १२३४-वायएफ नांवाचा सौम्य गॅस असतो. तो थोडासा ज्वालाग्राही आहे, आणि त्याच्या जागीं दुसरा गॅस भरूं नये.

गाडीखालीं पडणारें पाणी पाहून कित्येक जण दचकतात. उन्हाळ्या-पावसाळ्यांत तें पडणें आरोग्याचें लक्षण आहे. हवेंतली ओल कॉइलवर जमून खालीं जाते. तें बाहेर न पडतां पुढच्या प्रवाशाच्या पायांखालील गालिचा भिजवीत असेल, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. ओल्या पोतडीसारखा वास येत असल्यास कॉइलवर बुरशी धरली आहे. घर येण्यापूर्वीं पांच मिनिटें एसी बंद करून पंखा चालू ठेवण्याची संवय त्यावर चांगली लागू पडते.

हीटरकडे आपल्याकडे कोणी पाहत नाहीं, तथापि तो इंजिनाचा चहाडखोर आहे. हीटर म्हणजे स्वतंत्र शेगडी नव्हे. इंजिनाची उष्णता वाहून नेणारें कूलंटच डॅशबोर्डामागील एका लहानशा रेडिएटरांतून फिरवून त्यावरून वारा सोडलेला असतो. म्हणून हीटरचें दुखणें बहुशः इंजिनाचें दुखणें असतें. हमरस्त्यावर तापमानाचा कांटा वर चढतच नाहीं व हीटरहि कोमट, अशी तक्रार असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे आणि इंधन फुकट जात आहे. कांटा चढलेला आणि हीटर मात्र थंड, हें लक्षण गंभीर : कूलंट घटलें आहे किंवा पंप चालत नाहीं. गाडी तत्काळ थांबवावी. ज्या वाचकांचीं मुलें-मुली कॅनडा-अमेरिकेंतील हिमाळ्यांत गाडी हांकतात, त्यांनीं एवढें तरी त्यांस कळवावें. आंत गोडसर वास येऊन कांचेवर तेलकट धुकें धरत असेल, तर तो लहान रेडिएटर फुटला आहे. हें द्रव्य चवीला गोड पण विषारी असतें. मुलांना व पाळीव जनावरांना त्यापासून दूर ठेवावें.

खंबाटकीसारखा घाट चढतांना कांटा लाल रेघेकडे सरकूं लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण जोरांत सोडावा. आंत भट्टी होईल, पण इंजिनाची कांहीं उष्णता त्या वाटेनें बाहेर पडते आणि सुरक्षित जागा गांठण्यास अवधि मिळतो. गाडी थांबल्यावर रेडिएटरचें झांकण गरम असतां उघडूं नये. उकळतें पाणी तोंडावर उडतें.

पावसाळ्यांत ताम्हिणीसारख्या घाटांत कांचेवर धुकें धरलें, तर बोट लावून तें कोणत्या बाजूचें आहे तें पाहावें. आंतून असल्यास वारा कांचेकडे वळवून, एसी चालू ठेवून बाहेरची हवा घ्यावी. एसी हवेंतली ओल काढून घेतो, वारा किंचित् गरम ठेवल्यास काम लवकर होतें. बाहेरून असल्यास कांच फार गार झाली आहे. वायपर फिरवून गारवा कमी करावा. दोहोंवर एकच उपाय करणारे चालक पुढचा रस्ता दिसत नाहीं म्हणून पावसाला बोल लावतात.

विजेच्या मोटारींत इंजिनाची फुकटची उष्णता नसते, त्यामुळें हीटर बॅटरींतील वीज खातो. तिच्या कॉम्प्रेसरला उच्च दाबाची वीज व निराळ्या जातीचें तेल लागतें. बॉनेटखालील नारिंगी वेष्टणाच्या तारा दिसल्या, कीं कोपऱ्यावरच्या गॅरेजचा विचार सोडून द्यावा.

आणखी दोन गोष्टी, ज्यांत यंत्राचा दोष नाहीं. उन्हांत बंद ठेवलेली गाडी दहा मिनिटांत सुमारें १० अंशांनीं तापते. तींत मुलाला "आलोंच" म्हणून ठेवणें प्राणघातक आहे, कांचा बोटभर उघड्या ठेवल्या तरीहि. निघतांना प्रथम सर्व कांचा उघडून कोंडलेली वाफ जाऊं द्यावी. एसीचें निम्मे काम त्यानेंच होतें. दुसरी गोष्ट उभ्या गाडींत एसी लावून झोंपण्याची. धुराड्याची नळी फुटलेली असल्यास, किंवा गाडी बंद गॅरेजांत उभी असल्यास, कार्बन मोनॉक्साइड आंत येतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. गाडींतील सर्वांचें डोकें एकदम दुखूं लागलें, मळमळ व गुंगी आली, तर ती गाडी लागली असें समजूं नये. ताबडतोब सर्वांना मोकळ्या हवेंत काढावें, डॉक्टरकडे न्यावें, आणि धुराड्याची तपासणी होईपर्यंत त्या गाडींत कोणासहि बसवूं नये.